मास्क, नळी आणि रायत्याचा पूल

समजा, मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या बाजूला एका पाड्यावर एक बाई राहतात. वय बेचाळीस. लसिकाग्रंथींचा कॅन्सर झालाय आणि परळच्या टाटा रुग्णालयात त्यांची केमोथेरपी चालू आहे. तिसरी केमो घेऊन त्या घरी आल्या त्याला आज दहा दिवस झाले. आवणीचे दिवस, घरातले सगळे वावरात. सकाळी अंग तापलं म्हणून त्यांनी तापाची एक गोळी घेतली, दुपारी दुसरी. संध्याकाळी चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापताना मधेच हात थांबला. दम लागला होता. जाऊबाईंनी आशाताईंना बोलावलं. आशाताईंच्या पिशवीत बोटाला लावायचा चिमटा होता, करोनाच्या काळातला. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या 2020 च्या मोहिमेत हा चिमटा महाराष्ट्राच्या वाड्यापाड्यांवर घरोघर फिरला, तेव्हापासून ऑक्सिमीटर म्हणजे काय हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. आकडा आला 88.

निरोगी माणसाचा हा आकडा 95 च्या वर असतो. 88 म्हणजे फुप्फुसातून रक्तात पुरेसा ऑक्सिजन जात नाही. या क्षणापासून पुढच्या काही तासांत त्या बाईंना श्वासासाठी कोणता आधार द्यायचा, हा या प्रकरणाचा विषय. जगभरच्या अतिदक्षता विभागांत या प्रश्नावर वीस-पंचवीस वर्षं वाद झाले, मोठमोठे अभ्यास झाले. मुरबाड-शहापूरच्या माणसासाठी त्या अभ्यासांतून काय निघतं, ते मला इथे मांडायचंय.

आधी एक वेगळा रुग्ण पाहू. कारण या भागात व्हेंटिलेटर म्हटलं की दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्हींमागे खरे अनुभव असतात.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंश दुखत नाही, सूज येत नाही, कधी कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि मग छातीचे स्नायू हलायचे थांबतात. या माणसाची फुप्फुसं अगदी धडधाकट असतात. बिघडलेला असतो तो फक्त भाता चालवणारा हात. घशातून श्वासनळीत नळी टाकली, अंबू पिशवी दाबत दाबत त्याला मोठ्या रुग्णालयात नेलं, प्रतिविष दिलं आणि काही दिवस मशीनने श्वास दिला, की तो चालत घरी येतो. हा माणूस ज्याने पाहिलाय तो म्हणतो, मशीनने माणूस वाचतो.

ती अंबू पिशवी मुळात डेन्मार्कची. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वास बंद पडलेले रुग्ण येऊ लागले. सुरुवातीला मशीनवर ठेवलेल्या 31 जणांपैकी 27 दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवीने हाताने तिच्या छातीत हवा भरली. मुलगी वाचली. मग सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून, दिवसरात्र, महिनोन्महिने हाताने पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म तिथला. स्वतःहून फुगणारी अंबू पिशवी चार वर्षांनी, 1956 मध्ये आली. पोलिओच्या त्या मुलांचं आणि आपल्या मण्यारीच्या रुग्णाचं दुखणं एकाच जातीचं: भाता बंद, फुप्फुस चांगलं.

पाड्यावरच्या बाईंचं तसं नाही. त्यांचा भाता जोरात चालू आहे, नको तितक्या जोरात. बिघडलंय ते फुप्फुस. केमोथेरपीनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. एरवी घशात गुमान पडून राहिलेला जंतू अशा वेळी छातीत उतरतो. फुप्फुसातले हवेचे लहान लहान फुगे पाण्याने आणि दाहाने भरतात. रक्त त्यांच्याजवळून जातं, पण ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. अशा रुग्णाला नळी टाकली, तर तीच नळी जंतूंना आत उतरायला शिडी होते. खोकून कफ बाहेर टाकायची सोय जाते आणि आत शिरलेल्या जंतूशी लढायला शरीरात फौज नसते. पूर्वी कॅन्सरच्या असल्या रुग्णांपैकी नळी टाकल्यावर फार थोडे परतत. म्हणून दुसरं मतही खरं होतं: 'मशीनवर टाकलेला माणूस माघारी येत नाही.' दोन गावकरी दोन वेगळ्या आजारांबद्दल बोलत असतात आणि मशीन मात्र एकच असतं.

मग नळी न टाकता श्वासाला हात कसा द्यायचा? यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला साधा मास्क, किंवा पिशवीवाला मास्क. यातून मिनिटाला सहा, दहा, पंधरा लिटर ऑक्सिजन देता येतो. पंधरा लिटर ऐकायला भरपूर वाटतं. पण शांत बसलेला माणूससुद्धा श्वास आत ओढतो त्या क्षणी हवेचा वेग मिनिटाला तीस लिटरच्या घरात असतो. धाप लागलेला माणूस साठ, कधी शंभर लिटरच्या वेगाने हवा ओढतो. मास्कमधून पंधरा येणार आणि त्याला साठ हवेत, तर उरलेलं तो मास्कच्या कडेने खोलीतल्या साध्या हवेतून ओढून घेतो. त्या हवेत ऑक्सिजन फक्त 21 टक्के. पाटाला पाणी करंगळीएवढं आणि वावर तहानलेलं, अशी गत होते. म्हणून मास्क लावूनही आकडा चढत नाही, तेव्हा सिस्टरने काही चुकवलेलं असतं असं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे दाबाचा मास्क. रुग्णालयात त्याला सरसकट बायपॅप म्हणतात. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क पट्ट्यांनी आवळतात आणि मशीन दाबाने हवा आत ढकलतं. मिटलेले फुगे उघडतात, छातीच्या स्नायूंचे कष्ट वाचतात. जुन्या दम्या-खोकल्याच्या रुग्णाला आणि हृदय कमकुवत होऊन छातीत पाणी भरलेल्याला हा मास्क अक्षरशः तारतो. पण तो सोसावा लागतो. नाकाच्या दांड्यावर वळ उठतात, डोळ्यांत वारा जातो, पोट फुगतं, घोटभर पाणी प्यायचं तरी मास्क काढावा लागतो. शिवाय धाप लागलेला रुग्ण जोर करून ओढतो आणि त्यावर मशीनही ढकलतं, तेव्हा आधीच दुखावलेल्या फुप्फुसावर जास्तीचा ताण येतो.

तिसरा मार्ग हाय फ्लो. नाकपुड्यांत जाड, मऊ नळ्या आणि त्यांतून मिनिटाला साठ लिटरपर्यंत, शरीराइतकी कोमट आणि दमट केलेली हवा. त्यात ऑक्सिजन किती टक्के हवा तेही ठरवता येतं. रुग्ण जितक्या वेगाने ओढतो जवळपास तितक्याच वेगाने हवा येते, त्यामुळे खोलीतली साधी हवा मिसळत नाही. रुग्ण बोलू शकतो, पेज पिऊ शकतो, खोकून कफ टाकू शकतो. मला या यंत्राची ही बाजू सगळ्यात मोलाची वाटते. आजारी माणूस नातेवाइकांशी बोलू शकतो, आणि पुढे नळीचा निर्णय घ्यायची वेळ आली तर त्याचं स्वतःचं मत विचारता येतं.

आता अभ्यासांकडे. 2001 मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती खालावलेले 52 रुग्ण घेतले. 26 जणांना ठरावीक वेळाने दाबाचा मास्क लावला, 26 जणांना साधा ऑक्सिजन दिला. साध्या ऑक्सिजनवाल्यांपैकी 20 जणांना नळी टाकावी लागली, मास्कवाल्यांपैकी 12 जणांना. रुग्णालयात दगावले ते अनुक्रमे 21 आणि 13. अभ्यास लहान, पण फरक इतका ढळढळीत की पुढची चौदा वर्षं जगभर हाच नियम झाला: प्रतिकारशक्ती कमी, दम लागलाय, तर लवकर दाबाचा मास्क लावा.

2015 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या 28 अतिदक्षता विभागांनी 374 रुग्णांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला. या वेळी 28 दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण मास्कवाल्यांत 24.1 टक्के आणि साध्या ऑक्सिजनवाल्यांत 27.3 टक्के आलं. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच होता. मधल्या काळात काय बदललं? रुग्ण लवकर येऊ लागले, जंतू ओळखायच्या तपासण्या सुधारल्या, औषधं सुधारली. मला या दोन अभ्यासांमधली सगळ्यात बोलकी गोष्ट ही वाटते की साध्या ऑक्सिजनवर ठेवलेले रुग्णही आता पूर्वीच्या मानाने कितीतरी जास्त वाचत होते. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण सारख्याच गंभीर अवस्थेतले नव्हते हे खरं, पण आधाराची पद्धत तीच असताना निकाल बदलला, तो भोवतालचे उपचार बदलल्यामुळेही.

2018 मध्ये हाय फ्लोची पाळी आली. फ्रान्समधले 32 अतिदक्षता विभाग, 776 रुग्ण, सगळे प्रतिकारशक्ती खालावलेले. 28 दिवसांतले मृत्यू हाय फ्लोवर 35.6 टक्के, साध्या ऑक्सिजनवर 36.1 टक्के. जवळपास सारखेच. 2022 मध्ये हाय फ्लो एकटा आणि हाय फ्लोच्या जोडीला दाबाचा मास्क, अशी तुलना झाली. मृत्यू 36 आणि 35 टक्के. पुन्हा तेच.

हे आकडे वाचून कोणाला वाटेल की मग पद्धत कुठलीही वापरली तरी चालते. तसं नाही. एखाद्या रुग्णाच्या छातीत पाणी भरलंय, किंवा त्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलाय, तर त्याला दाबाचा मास्कच हवा. ज्याला सतत कफ येतोय, उलट्या होताहेत, त्याला तो मास्क धोक्याचा. पण सरसकट सगळ्यांना लागू पडेल असं श्रेष्ठ यंत्र यांत नाही, हे आता नक्की झालंय. आणि मुरबाडच्या दृष्टीने ही फार दिलाशाची बातमी आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयात हाय फ्लो नसेल, तर पहिल्या काही तासांत साध्या मास्कवर नीट सांभाळलेला रुग्ण मागे पडत नाही. फक्त 'नीट सांभाळणं' म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं.

पहिली गोष्ट, ऑक्सिजनचा हिशेब. एक गणित करून पाहा. रुग्णालयातल्या उंच जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर, म्हणजे 7,000 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटरने तो साडेअकरा तास पुरतो. हाय फ्लोवर 60 लिटरचा झोत आणि शंभर टक्के ऑक्सिजन लावला, तर तोच सिलिंडर दोन तासही टिकत नाही. झोत 50 लिटर आणि ऑक्सिजन 60 टक्के ठेवला, तरी पावणेपाच तासांत संपतो. लहान सिलिंडर साधारण दीड हजार लिटरचा असतो. 15 लिटरवर शंभर मिनिटं. मुरबाडहून कल्याण तीसेक किलोमीटर. पण उल्हास नदीला पूर आला की रायत्याचा पूल पाण्याखाली जातो आणि वळसा घालावा लागतो. तेव्हा शंभर मिनिटांचा हिशेब गाडी निघायच्या आधी कोणीतरी मोठ्याने बोलून करायला हवा. एप्रिल 2021 मध्ये ऑक्सिजन आणायला कळंबोलीहून विशाखापट्टणमला रेल्वे धाडावी लागली होती. हवेसाठी गणित करावं लागतं हे त्या महिन्याने महाराष्ट्राला शिकवलं.

दुसरी गोष्ट, श्वास मोजणं. यासाठी यंत्रही लागत नाही. रुग्णाच्या पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. मोठ्या माणसाचे बारा ते वीस ठीक, तिसाच्या वर गेले की धोका. हाय फ्लोवरच्या रुग्णासाठी डॉक्टर एक छोटा भागाकार करतात: बोटावरचा आकडा, भागिले ऑक्सिजनचं प्रमाण, भागिले मिनिटाचे श्वास. आकडा 92, ऑक्सिजन 60 टक्के, श्वास 30, तर उत्तर येतं 5.1. आकडा तोच, ऑक्सिजन तोच, पण श्वास 40 झाले की उत्तर 3.8. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या अभ्यासात 4.88 च्या वर असणाऱ्यांना सहसा नळी लागली नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत या भागाकारावर एकट्यावर विसंबता येत नाही, पण त्यातून एक कळतं: पडद्यावर 92 दिसतोय म्हणून नातेवाईक निश्चिंत होतात, आणि तेवढ्या वेळात तो 92 टिकवायला रुग्णाचा जीव मेटाकुटीला येत असतो. सावळ्या कातडीवर ऑक्सिमीटर कधी कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतो, हेही डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या पाहणीत दिसून आलं. नखांवरचा रंगही आकडा बिघडवतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. रोग कोणता ते शोधणं. 16 देशांतल्या 68 अतिदक्षता विभागांतल्या 1,611 रुग्णांचा एक अभ्यास 2017 मध्ये आला. त्यात ज्यांच्या श्वसनाच्या बिघाडाचं कारण सापडलंच नाही, त्यांच्यात मृत्यू जास्त होते. मास्क, हाय फ्लो, नळी ही सगळी वेळ विकत घेण्याची साधनं. त्या वेळात कारण सापडलं तर उपयोग.

आणि कारणं आपल्या मातीची असतात. केमोनंतर ताप आला तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवं, कारणाची वाट न बघता. एच.आय.व्ही. असलेल्या माणसाला दोन-तीन आठवडे कोरडा खोकला, चढ चढताना दम आणि एक्स-रे मात्र बरा दिसतो, तेव्हा न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा संशय घ्यावा लागतो. 1981 मध्ये एड्सची पहिली चाहूल लागली तीही लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना याच बुरशीने झालेल्या न्यूमोनियावरून. त्यावरचं औषध, कोट्रायमोक्झाझोल, स्वस्त आणि जुनं आहे. ज्यांच्या रक्तातल्या सीडी-4 पेशी 200 च्या खाली आहेत त्यांनी तीच गोळी रोज घेतली तर हा न्यूमोनिया सहसा होतच नाही. भारतात 1 एप्रिल 2004 पासून एच.आय.व्ही.ची औषधं सरकारकडून मोफत मिळू लागली आणि असले रुग्ण कमी झाले. मग क्षयरोग आहेच. प्रतिकारशक्ती कमी असली की तो नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या रूपात दिसत नाही. आवणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसही फुप्फुसात रक्तस्राव घडवतो आणि वरून तो न्यूमोनियासारखाच दिसतो. या प्रत्येकाचं औषध वेगळं. श्वासाचं यंत्र मात्र सगळ्यांना एकच.

आता त्या बाईंकडे परत जाऊ. आशाताईंनी 108 ला फोन केला. 2014 पासून राज्यभर धावणारी ही गाडी येईपर्यंत त्यांनी बाईंना उशा लावून बसतं ठेवलं. सरकारी रुग्णालयात मास्क लागला, आकडा 88 वरून 93 वर आला, श्वास 34 वरून 28. तिथल्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच पडणार: यांना नेमकं काय झालंय, कोणती औषधं चालू आहेत, शेवटची केमो कधी? हे कळलं तर ते परळला फोन करून विचारू शकतात आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस इथेच देऊ शकतात. तो डोस कळव्याच्या मोठ्या रुग्णालयात किंवा परळला पोचल्यावर दिला तर चार-पाच तास वाया जातात. मशीन मोठ्या गावात असतं, पण हा पहिला डोस मुरबाडमध्ये देता येतो. माझ्या मते सगळ्या तुलनेत वजनदार ठरते ती ही गोष्ट.

आणि नळीचं काय? दीर बाहेर डॉक्टरांना म्हणतात, "डॉक्टर, नळी तेवढी नका टाकू." त्यांनी गावात कोणीतरी गेलेला पाहिलाय. पण जुने आकडे आज लागू नाहीत. कॅन्सरचे रुग्ण नळी टाकून वाचतात, आता पूर्वीपेक्षा बरेच जास्त. ज्यांचा मूळ आजार बरा होण्यातला आहे त्यांना तर ती संधी मिळायलाच हवी. घात होतो तो उशिराने. मास्कवर दोन दिवस काढले, श्वास चाळीसवर गेले, माणूस थकून गुंगीत गेला आणि मग नळी टाकली, तर हाती फार काही उरत नाही. म्हणून मास्क किंवा हाय फ्लो सुरू करतानाच डॉक्टरांनी घरच्यांना सांगावं की दोन तासांनी, मग सहा तासांनी पुन्हा पाहू आणि श्वास उतरला नाही तर काय करू. घरच्यांनीही ते विचारावं. आणि ज्याचा आजार आता उपचारापलीकडे गेलाय, त्याला नळी नको असेल, तर हाय फ्लोवर किंवा साध्या मास्कवर, धाप कमी करणारी औषधं देऊन, माणसांत ठेवणं हाही पूर्ण उपचारच आहे. पण हे बोलणं रात्री दोन वाजता व्हरांड्यात होऊ नये. केमोच्या तारखा ठरवताना, अंगात बळ असताना व्हावं.

तुमच्या घरात कोणी केमोथेरपी घेत असेल, कोणाची किडनी बदललेली असेल, कोणी एच.आय.व्ही.ची किंवा महिनोन्महिने स्टेरॉइडची औषधं घेत असेल, तर थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर हाताशी ठेवा. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की त्याच तासाला निघा, गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. चिठ्ठीवर आजाराचं नाव, औषधांची नावं, शेवटच्या केमोची तारीख आणि उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा फोन नंबर लिहून ती फाइलच्या पहिल्या पानाला टाचा. फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी दाराजवळच्या खिळ्याला टांगा, म्हणजे घरचे वावरात असले तरी आशाताईंच्या हाताला लागेल.